सांगून मोडा

आमच्या मोठ्या बाईंचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल काही चांगलं बोललो, तर ते मैत्रीखातर बोललो असं कुणाला वाटायला नको. त्या मुख्याध्यापिका, मी गणित-विज्ञानाचा शिक्षक. आमची शाळा पाचवी ते आठवीची, नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून भंडारदऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. खालच्या अंगाला ऊस आणि टोमॅटोची रानं, वरच्या अंगाला डोंगर. निम्मी पोरं खालून यायची, निम्मी वरून, आणि सगळी बाईंच्या तावडीत सापडायची.

बाई नगरच्या, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. वडील शिक्षक, आजोबा शिक्षक. नाताळ सोडला तर नगरला फारशा जायच्या नाहीत, शाळेमागच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर वडलांचं पुरुषी घड्याळ आणि साडीखाली पांढरे पळायचे बूट. पहिल्या दिवशी ते बूट बघून आमच्या शिपायानं मला हळूच विचारलं होतं, बाई खेळाच्या हायेत का म्हणून. बाईंचं म्हणणं असं, की शाळेत दिवसभर उभंच राहायचं असतं, मग पायांचे हाल कशाला. त्यांना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. कुणी मॅडम म्हटलं की त्या वळूनच बघायच्या नाहीत. पोरांच्या ते लगेच लक्षात आलं, आम्हा शिक्षकांना जरा वेळ लागला.

मायाळू वगैरे म्हणाल तर अजिबात नाही. कुणाच्या पाठीवरून हात फिरवणं नाही, बाळा-सोन्या नाही. 'आदर्श विद्यार्थी' नावाचं बक्षीस त्यांनी आल्या आल्या बंद केलं. का, तर ज्या पोराला ते मिळतं ते पुढं वर्षभर बिचारं धड शिंकतही नाही. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सुविचार लिहायची आमच्याकडं पद्धत होती. तीही गेली. त्या जागी 'आजची तक्रार' लिहायची, कुणीही येऊन लिहायची. 'पाण्याच्या टाकीजवळ शेवाळ झाले आहे.' 'सहावीच्या वर्गात पंखा आहे पण फिरत नाही.' एकदा 'गणिताचे सर फार भरभर पुसतात' असंही आलं. ते दिवसभर तसंच ठेवलं होतं त्यांनी, मी दोनदा डस्टर घेऊन गेलो तरी.

आणि तो नियमांचा फलक. तसा सगळ्याच शाळांत असतो. वेळेवर यावे, गणवेश स्वच्छ असावा, नखे कापलेली असावीत, मधल्या सुट्टीत आवाराबाहेर जाऊ नये, मोबाईल आणू नये. बाईंनी तो नव्यानं रंगवून घेतला आणि सगळ्यांत खाली, स्वतः ब्रश हातात घेऊन, एक ओळ लिहिली: 'वरीलपैकी कोणताही नियम मोडायचा असल्यास आधी सांगून मोडावा.' अक्षर वाकडं, रंगाचे ओघळ आलेले. मला आधी ती चेष्टा वाटली. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि विचारलं, म्हणजे मुलांनी नियम मोडायचे का? बाई म्हणाल्या, "मोडतातच साहेब. एरवी आपल्याला कळत नाही, एवढंच." साहेबांनी चहा घेतला आणि विषय पोषण आहारावर नेला.

बाईंचं यामागचं तत्त्वज्ञान साधं होतं आणि ते त्या आम्हाला दर मीटिंगला ऐकवायच्या. खरं सांगणाऱ्याला शिक्षा केली की पुढच्या वेळी ते पोर खोटं शिकून येतं. आणि खोटं शिकवायला इतक्या लांब शाळा कशाला हवी, ते घरीही शिकता येतं.

तर रोज सकाळी प्रार्थनेआधी बाईंच्या दाराशी पोरांची रांग. बाई, पट्टा तुटलाय, आज बिनपट्ट्याचा बसणार. बाई म्हणायच्या, "बरं." बाई, सकाळी काही खाल्लं नाही, दुसऱ्या तासाला डबा खाणार. "बरं. पण लसणाची चटणी असेल तर खिडकीत बसून खा." बाई, गृहपाठ केला नाही, करणारही नाही, कारण समजलेलंच नाही. "बरं, तसं सरांना सांग." हे शेवटचं प्रकरण मग माझ्याकडं यायचं. त्या 'बरं'ची पोरं हुबेहूब नक्कल करायची. तो कोरडा शब्द होता. त्यात होकार नाही, नकार नाही, राग नाही, लोभ नाही. पोस्टातला माणूस शिक्का मारतो तसा.

ही पद्धत चालायची, हे मात्र नाकारून चालणार नाही. सातवीतला एक दांडगा गडी एकदा दारात येऊन म्हणाला, बाई, मी मधल्या सुट्टीत त्याला हाणणार हाय. त्याला म्हणजे कुणाला, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कुठं हाणणार? पाठीत. हातानं का काठीनं? हातानंच. मैदानात का वर्गात? गडी विचारात पडला. आणि तो उलटा हाणेल त्याचं काय ठरवलंयस? एवढं सगळं ठरवता ठरवता त्याचा राग कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही. जाताना मात्र बाईंनी त्याला रीतसर 'बरं' म्हटलं. म्हणजे परवानगी होती. त्यानं ती वापरली नाही.

दुसरी एक पाचवीतली, एवढीशी चिमुरडी. ती येऊन म्हणाली, बाई, मी तिसऱ्या तासाला रडणार हाय. रडू नये असं फलकावर कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण पोरीला खात्री नसावी. बाईंनी विचारलं, तिसऱ्या तासाला काय असतं? गणित. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी काही घोडं मारलं नाही तिचं. निघालं असं, की आदल्या रात्री बिबट्यानं त्यांच्या दारातून तिचं कुत्रं उचललं होतं. उसाच्या पट्ट्यात हे नेहमीचंच झालंय, मोठी माणसं त्याची चर्चाही करत नाहीत. बाईंनी विचारलं, वर्गात रडणार का ऑफिसात? हापिसात. मग ती तासभर बाईंच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडली. बाई समोर कागद तपासत होत्या. पाणी नाही, समजूत नाही. घंटा झाल्यावर विचारलं, झालं? व्हय. बरं, जा. नंतर मी म्हणालो, बाई, जरा जवळ तरी घ्यायचं. त्या म्हणाल्या, "सर, ती रडायला जागा मागायला आली होती. जागा दिली." मला राग आला होता. पण पोरगी पुढच्या तासाला इंग्रजीच्या कविता म्हणत होती, हेही खरं.

नियम आम्हालाही लागू. मला एकदा उशीर झाला, तर बाई फाटकाशी उभ्या. उशीर होणार हे आधी कळवलं नाहीत, सर. मी म्हणालो, रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली होती, तिनं मला आधी कळवलं नाही. त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

आता त्या पोरीचं सांगतो, कारण बाईंचं खरं चित्र तिच्याशिवाय पुरं होत नाही.

पोरगी आठवीत, माझ्या वर्गात. वरच्या वाडीवरची. गणितात चांगली, म्हणजे मला त्रास देण्याइतकी चांगली. शून्यानं भागायचं नाही म्हणजे का नाही, यावर तिनं माझा अख्खा तास खाल्ला होता. घरची थोडी भातखाचरं, आणि खाचरांच्या कडेला बापानं पर्यटकांसाठी तंबू ठोकलेले. भंडारदऱ्याच्या अंगाला हे आता घरोघर झालंय. शुक्रवारी संध्याकाळपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या चढायला लागतात. लोकांना चुलीवरची भाकरी लागते, पिठलं लागतं, ठेचा लागतो आणि हे करणाऱ्या बाईचा फोटो लागतो. ते सगळं पोरीची आई बघायची. पावसाळ्याच्या तोंडाला आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. परात पोरीकडं आली.

पोरीनं नियम तंतोतंत पाळला. बाईंच्या दारात आली आणि म्हणाली, बाई, मी शनिवारी येणार न्हाई. बरं. पुढच्या आठवड्यात शनिवारसोबत शुक्रवार गेला, कारण शुक्रवारी संध्याकाळी माणसं यायची आणि दुपारपासून तयारी लागायची. बरं. मग सोमवारही जायला लागला, कारण माणसं गेल्यावर भांडी राहायची. बरं. दर वेळी येऊन सांगायची आणि बाई दर वेळी शिक्का मारायच्या. शिपाई मला एकदा म्हणाला, सर, ती वरच्या वाडीची पोरगी 'बरं' म्हनल्यावरबी दारातनं लवकर हालत न्हाई. मी म्हटलं, असेल बाबा, डोंगर चढायचा कंटाळा.

तरी मी बाईंकडं गेलो. म्हटलं, पोरगी हातची चाललीय. आठवी झाली की नववीला तालुक्याला जावं लागणार, आत्ताच घरी बसायची सवय लागली तर कोण पाठवतंय. बाई म्हणाल्या, "सांगून जाते ना? न सांगता जातात त्यांची काळजी करा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, बाई, सांगून गेलेलं माणूससुद्धा गेलेलंच असतं. त्यावर बाई काय म्हणाल्या असतील ते तुम्हीच ओळखा.

एका गुरुवारी सकाळी पोषण आहाराची तांदळाची पोती उतरत होती. एक पोतं फाटलेलं निघालं आणि बाईंचं टेम्पोवाल्याशी वाजलं. तो म्हणत होता घ्या, बाई म्हणत होत्या परत न्या. त्या गडबडीत पोरगी आली, काहीतरी बोलली, बाईंनी मान न वळवता 'बरं' म्हटलं आणि पुन्हा पोत्याकडं वळल्या. दुसऱ्या दिवशी पोरीचा बाक रिकामा. शुक्रवार होता, त्यात नवल नव्हतं. मधल्या सुट्टीत बाई नेहमीसारख्या उभ्यानं डबा खात होत्या, तेव्हा मी आपलं टोचायचं म्हणून म्हणालो, आजही नाही आली तुमची सांगून जाणारी. बाई शांतपणे म्हणाल्या, तिनं 'उद्या येणार न्हाई' असं काल सांगितलंय.

शिपाई दारात पाण्याची कळशी भरून ठेवत होता. तो म्हणाला, "उद्या न्हाई बाई. उद्यापासून म्हनली."

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो म्हणाला, पासून म्हनली, मी हुतो ना पोत्यापाशी. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, सर, गाडी काढा. मी म्हटलं, माझे तास आहेत. म्हणाल्या, तुम्ही तास बुडवणार आहात, हे तुम्ही मला आत्ता सांगितलंत असं समजते. मग त्या दोन्हीकडं पाय टाकून माझ्या मोटारसायकलवर बसल्या आणि आम्ही वरच्या वाडीचा चढ चढलो.

बाप तंबूचे खुंटे ठोकत होता. आम्हाला बघून त्यानं हातोडा टाकला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुसून पुढं केल्या, पाणी आणलं. माणूस वाईट नव्हता. पोरगी त्याला दादा म्हणायची. आई बाजेवर पडून होती, ती उठायला लागली, बाईंनी हातानंच नको म्हटलं. मग बाई म्हणाल्या, पोरीला शाळेत न्यायला आलेय.

बाप बुचकळ्यात पडला. "न्यायला? पर बाई, तिनं तुमाला सांगितलं न्हाई का?"

सांगितलं, बाई म्हणाल्या.

"मंग? तुमी बरं म्हनल्या ना. पोरगी काल घरी यून म्हनली, बाई बरं म्हनल्या." तो चिडून बोलत नव्हता, त्याला खरंच उलगडा होत नव्हता. "खरं सांगू का बाई, मला वाटलं हुतं तुमी न्हाईच म्हनाल. तुमाला कसं समजवायचं म्हनून मी शब्द जुळवून ठिवले हुते. तुमी इचारलंबी न्हाई. मंग मीबी म्हनलं, बाईंनाच चालतंय तर आपल्याला काय."

आपलेच दात, आपलेच ओठ. या बाईला कुणीतरी एकदा गप्प करावं असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आणि ते झालं तेव्हा मला बघवेना. त्या खुर्चीत बसून मनगटावरचं घड्याळ नुसतं इकडून तिकडं फिरवत होत्या. वाईट वाटलं मला, सरळ सांगतो.

पुढं बाईंनी काय काय केलं, ते आमच्या भागात बहुतेकांना माहीत आहे. भाकऱ्या कोण करणार, असं बापानं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, तुम्ही. तो म्हणाला, मला येत न्हाईत. बाई म्हणाल्या, मलाही येत नाहीत, दोघं शिकू. आणि तो सगळा हंगाम, शनिवारची सकाळची शाळा सुटली की पांढरे बूट घालून बाई जीपनं वर जायच्या. आई बाजेवरून हुकूम सोडायची आणि हे दोघं परातीभोवती बसायचे. तांदळाची उकड हातात धरवत नाही म्हणून बाई हातरुमाल घेऊन बसत, त्यावर आई हसून बेजार व्हायची, टाके दुखतात म्हणायची. बाईंच्या भाकरीला कधी गोलाई आली नाही. बापाच्या हाताला मात्र चांगलं वळण लागलं. पुढं पर्यटक त्याचेच फोटो काढायला लागले, आणि मिशीवाल्याची भाकरी म्हणून त्याचा तंबू ओळखला जायला लागला. वाडीतली माणसं आधी हसली, मग त्यांतल्याही एकदोघांनी परात धरली. मलाही एका रविवारी भांडी घासायला नेलं होतं, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पोरगी आठवी झाली, तालुक्याला नववी-दहावी झाली, आता संगमनेरला विज्ञान शाखेला आहे आणि फोन करून मला अजूनही नको ते प्रश्न विचारते. बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या, तो आम्ही केला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. बापाचं 'तुमी इचारलंबी न्हाई' तसंच हवेत होतं.

मग त्या उठल्या. घराच्या बाजूला पत्र्याची पडवी होती, तिथं चूल. बाईंनी बूट काढले आणि वाकून आत गेल्या. मी दारात थांबलो. पोरगी परातीपुढं बसून पीठ मळत होती. संध्याकाळी माणसं येणार होती, ढीगभर पीठ होतं. आमची चाहूल तिला कधीच लागली असणार, पण तिनं मान वर केली नाही.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. इस्त्रीच्या साडीची घडी मोडली, राख लागली, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुला शाळा सोडायची होती?"

"न्हाई."

"मग मला तसं का नाही सांगितलंस? सोडते म्हणून का सांगितलंस?"

पोरगी मळत राहिली. मग ती खाली बघूनच बोलली, हळू, एका सुरात, पाठ केल्यासारखं.

"दादांना मी कसं न्हाई म्हननार, बाई? आईचे टाके दिसत्यात मला. म्हनून मी तुमाला सांगायची. सांगून दारात थांबायची. म्हनलं आज तरी बाई न्हाई म्हनतील. तुमी न्हाई म्हनल्या असत्या, तर मला घरी सांगता आलं असतं. तुमी दर येळी बरंच म्हनायच्या."

बाईंचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. पोरीचे दोन्ही हात पिठासकट धरले.

"नाही," त्या म्हणाल्या. "शाळा सोडायची नाही. मी नाही म्हणतेय."

पोरीनं पहिल्यांदा वर पाहिलं. बाई खरं बोलतायत का, ते नीट बघून घेतलं. मग हात सोडवून घेतले, पिठाच्या हातांनीच उठली, मला बाजूला सारून दारात आली आणि बाहेर खुंट्यापाशी उभ्या असलेल्या बापाला मोठ्यांदा म्हणाली, "दादा, बाई न्हाई म्हनत्यात."